उलटा घुमट

लातुरात औसा रोडवरून आत वळलं की गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी वाटी ठेवलेली आहे. वाटी म्हणजे केवढी, तर तिच्यात म्हैस आरामात बसेल एवढी. खाली विटांचा कठडा, बुडाला तोटी, कडेला शेवाळ. एका अंगाला वरपासून खालपर्यंत पत्र्याची पट्टी मारलेली आणि तिच्यावर डांबराचा जाड थर. गल्लीतल्या बाया तिथे घागरी लावतात, पोरं तोटीला तोंड लावून पितात, आणि ती वाटी पूर्वी काय होती हे कुणी कुणाला विचारत नाही.

मी तिला सुलटी असताना ओळखत होते. आमच्या संग्रहालयाच्या गच्चीवरच्या वेधशाळेचा तो घुमट. आतल्या कडेला सरांनी लाल ऑइलपेंटने दिशा लिहिल्या होत्या. आज वाकून पाहिलं तर अक्षरं तशीच होती, फक्त डोक्यावर उभी. 'उत्तर' पाण्याखाली हलत होतं.

मी आता नांदेडच्या संग्रहालयात आहे. लातूरची जुनी इमारत पाडायला काढलीय, आत उरलंसुरलं जे असेल ते घेऊन जा असा निरोप आला, म्हणून जीप घेऊन आले. मे महिन्याचं ऊन डोक्यात घण घालत होतं. ड्रायव्हर जेवायला गेला होता, बाटलीतलं पाणी चहाएवढं तापून संपलं होतं, आणि तोटीपाशी शेवंताबाई तांब्या विसळत बसली होती. तिनं मला बघितलं आणि उठलीच नाही, बसूनच म्हणाली, "चांदणीबाई, पाणी घ्या."

ह्या बाईच्या हातचं पाणी मी मेले तरी पिणार नाही, असं मी एकदा ह्याच गल्लीत उभी राहून ओरडले होते. अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. तो शब्द मी इतकी वर्षं पाळलाय, आणि आज गळ्याला अशी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटत होती.

"नको," मी म्हटलं.

तिनं तांब्या भरला, वाटीच्या कडेवर ठेवला. "ठिवलाय," म्हणाली, आणि दुसरीकडे तोंड करून बसली.

संग्रहालयाला एक वास होता. बरण्यांतल्या सापांच्या औषधाचा, पोरांच्या डोक्यांच्या तेलाचा, खिशातल्या भाजक्या शेंगांचा, आणि या सगळ्यावर शेजारच्या डाळ मिलच्या कोंड्याचा. खिडक्या कितीही लावा, तुरीची पिवळी धूळ आत यायचीच. प्लॅस्टरच्या गुरू ग्रहावर तिचा थर बसायचा आणि पोरांना वाटायचं गुरूचा रंगच तसा. शनीचं कडं म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होती. ती एकदा खिळ्यातून सुटली आणि चाकूरहून आलेल्या एका गुरुजींच्या पायाशी खणकन आदळली. गुरुजी नंतर शनीला तेल घालायला गेले म्हणे.

मी खगोल शिकवायचे. नोकरी नवी होती, अंगात रग होती, आणि मला शांत आकाश कधी आवडलंच नाही. माझ्या पाठात तारे फुटायचे, धूमकेतू आपटायचे, चंद्र मार खायचा. परातीत पीठ पसरून पोरांच्या हातात गोट्या द्यायच्या आणि सांगायचं, मारा. गोटी जिथे पडेल तिथे खड्डा, खड्ड्याला काठ, काठाबाहेर पिठाचे फवारे. "हे बघा, चंद्राचं तोंड असं झालंय." पोरं चेकाळायची. जोरात मारायची, एकमेकांच्या अंगावर मारायची, पिठानं पांढरी होऊन बाहेर पडायची.

"हळू घे गं बाई," सर दारातून म्हणायचे. "उद्या शाळा फोडतील हे."

सर म्हणजे हंगरगे सर. निवृत्त विज्ञान शिक्षक, संग्रहालयाचे बिनपगारी सगळं काही. वेधशाळेची दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती. एका अख्ख्या हिवाळ्यात लोखंडी पिंपाभोवती फेऱ्या मारत परातीएवढी जाड काच घासली होती, मग डांबराच्या चकतीवर लाल पूड लावून तिला पॉलिश देऊन तिचा आरसा केला होता. ती लाली त्यांच्या नखांच्या कडेतून कधी गेली नाही. दुर्बिणीला उजवा डोळा लावायची सवय इतकी जडली होती की बाजारात वांगीसुद्धा डावा डोळा मिटूनच निवडायचे. भाजीवाल्या हसायच्या.

आणि तो घुमट. त्याला फिरवायला एका बंद पडलेल्या गिरणीची मोटार बसवली होती. बटण दाबलं की घर्र घर्र आवाज करत पांढरा घुमट सरकायचा आणि त्याची फट सूर्याकडे तोंड करायची. खाली गल्लीत तो आवाज स्वच्छ ऐकू जायचा. वर कुणी यायचं नाही. आरशावर धूळ नको म्हणून सर कुणाला येऊ द्यायचे नाहीत. हे सगळं साधं होतं, रोजचं होतं, आणि यातलं काय काय कुणाच्या मनात साठतंय याचा आम्हाला पत्ता नव्हता.

शेवंताबाई मागच्या गल्लीत राहायची. जीभ कात्रीसारखी, हात सढळ. सुपारी कातरता कातरता मला अर्धी द्यायची. मी तिला मावशी म्हणायचे. "चांदणीबाई, तुमच्या चांदण्यात पाणी हाय का न्हाई?" असं ती विचारायची, आणि मी म्हणायचे, "आहे ना मावशी, धूमकेतूत बर्फच असतो." "मंग आणा की दोन घागरी. नुसत्याच काय शिकवून राहिलात?"

तेव्हा ते थट्टेत होतं. मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणलं.

त्या वर्षाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. रिकाम्या प्लॅस्टिकच्या घागरी एकमेकींवर आपटल्याचा, पहाटेपासून. आणि वास, न धुतलेल्या भांड्यांचा, आंबलेल्या कपड्यांचा, कोरड्या गटाराचा. तोंडाला तोंड लागलं की लोक पेटायचे. टँकर वळणावर दिसला की गल्ली एका अंगानं उठायची. टाकीत पाइप टाकायला पुरुष वर चढायचे, खालच्यांच्या खांद्यांवर, डोक्यांवर पाय देऊन. पाइप सुटला की सापासारखा उसळायचा आणि ज्याच्या तोंडावर बसेल त्याचे ओठ फोडायचा. एका सकाळी दोघी जावा भिडल्या. एकीनं दुसरीच्या कानातलं धरून ओढलं, कानाची पाळी फाटून दोन झाली. रक्त मानेवरून ब्लाउजात उतरत होतं आणि ती बाई एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं घागर पुढे सरकवत होती. तिनं नंबर सोडला नाही. कुणीच सोडला नसता.

रांग शेवंताबाई लावायची. तिची घागर पितळेची, आजेसासूच्या काळातली, रिकामीच दोन हातांनी उचलावी लागे. बाकीच्यांच्या प्लॅस्टिकच्या. रांगेत तिची घागर पहिली, आणि मध्ये कुणी घुसलं की ती घागरीच्या बुडानं ढकलायची. पोरांना सुद्धा. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता आणि लहान नातवंडं होती, हे मला माहीत होतं. मला तिची भीती वाटू लागली होती, तरी मी मावशीच म्हणायचे.

संग्रहालयात पोरं यायची बंद झाली. मी रिकाम्या खुर्च्यांना तारे फोडून दाखवायचे. चुकून कुणी आलंच तर परातीतलं पीठ बघून विचारायचं, "ह्याच्या भाकरी करणार का?"

त्यात बुधाचं अधिक्रमण आलं. बुध सूर्यासमोरून जाणार, काळ्या ठिपक्यासारखा, दिवस मावळेपर्यंत. सरांनी त्याची वाट किती वर्षं पाहिली होती कोण जाणे. सगळ्या गल्लीला दाखवू, म्हणाले. रांगेतच उभे असतात ना लोक संध्याकाळी, तिथूनच एकेकाला वर बोलवू. आरशावर मात्र पिवळी धूळ बसली होती, आणि ती पुसता येत नाही, चरे पडतात. धुवावीच लागते. शुद्ध केलेलं पाणी लागतं, बॅटरीत घालतात ते. सरांनी टंचाईच्या आधीपासून त्याचे कॅन गच्चीवर झाकून ठेवले होते.

त्याच दिवशी सकाळी आम्ही आरसा काढला. घुमटाच्या सावलीत, परातीत उभा धरला. सर वरून बारीक धार सोडायचे, मी परात तिरकी करायची. धुळीचा पिवळा ओघळ खाली जायचा, पन्हाळीतून वाहून जायचा.

"सर, आत करू या ना. दिसतंय लोकांना."

"आत उजेड नाही," सर म्हणाले. "आणि लपून करायला आपण काय चोरी करतो?"

शेजारच्या गच्चीवर शेवंताबाई टँकरची वाट बघायला चढली होती. तिनं आम्हाला काचेवर पाणी ओतताना बघितलं, पन्हाळीतून ते वाहून जाताना बघितलं. कठड्याला दोन्ही हात लावून बघत राहिली. मग खाली उतरली.

त्यानंतर जे आलं ते आधी कानावर आलं. फाटकाच्या साखळीवर दगड, मग जिन्यात चपला, पाठोपाठ घागरी. "टाकी हाय वर, टाकी." "रोज मोटार लावून भरून राहिले." "एवढी मोठी टाकी, अन् आमची लेकरं मरून राहिली." गिरणीची मोटार, बंद दार, पांढरा गोल घुमट, वाहून गेलेलं पाणी. त्यांच्या हिशेबात सगळं बरोबर बसत होतं.

सर दारात आडवे उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "अरे बाबांनो, ह्यात पाणी नाही, दुर्बीण आहे. एकेकानं या, दाखवतो." आवाज शाळेतला, वर्ग शांत करणारा. कुणीतरी मागून पहारीनं घुमटावर घाव घातला. पोकळ घुमट ढोलासारखा वाजला, आणि त्या आवाजानं लोक जास्तच बिथरले. भरलेली टाकी अशी वाजत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसरा घाव, तिसरा. घुमटाचा एक तुकडा निखळून आत पडला. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. शेवंताबाई सगळ्यात पुढे होती, सरांच्या छातीशी. "सरा, बाजूला व्हा," ती म्हणाली. सर झाले नाहीत. तिनं रांगेत ढकलायची तशीच घागर फिरवली.

पितळी बुडाचा काठ सरांच्या उजव्या भुवईखाली लागला. मला तो आवाज ऐकू आला, एवढ्या गलक्यातसुद्धा. कैरी फोडल्यावर येतो तसा.

मी तिच्यावर झेप घेतली. तिचा अंबाडा मुठीत धरला आणि ओढला, जीव खाऊन ओढला, आणि तो माझ्या मुठीत आला, मुळासकट, रक्तासकट. ती ओरडली. मी पुन्हा हात घातला. मला तिला मारायचं होतं, नुसतं मारायचं नाही, ठार मारायचं होतं, आणि यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

तेवढ्यात आत घुसलेल्यांनी आरसा तुडवला. हिवाळाभर घासलेली ती काच एकदाच बोलली आणि गप्प झाली. मग कुणालातरी कॅन सापडले. "पाणी! हाय पाणी!" मग तर माणसं माणसांवर पडली. एक कॅन ओढाताणीत फुटला आणि तापलेल्या गच्चीवर सांडला. सिमेंटनं तो बघता बघता पिऊन टाकला. ओल्या तापल्या सिमेंटचा तो वास, किती चांगला वास होता. बाया पदर टेकवून ओल टिपत होत्या आणि पदर पोरांच्या तोंडात पिळत होत्या.

दुसरा कॅन शेवंताबाईनं धरला होता. डोक्यातून रक्त गळत होतं तिच्या. ती वळली आणि तिनं सरांना पाहिलं. सर भिंतीला टेकून बसले होते, हाताची ओंजळ डोळ्यावर, ओंजळीतून लाल धार. ती त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसली, हात बाजूला केला, आणि कॅनचं बूच दातानं काढून सगळं पाणी त्या डोळ्यावर ओतायला लागली. लोक कॅनवर झडप घालत होते. तिनं एकाच्या हाताला चावा घेतला, एकाला लाथ घातली. "हात तर लावा मायला," म्हणत होती, "हात तर लावा." कॅन रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली.

सरकारी दवाखान्यात सरांच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उजव्या डोळ्याची आशा धरू नका. मी परत आले तर सर डाव्या डोळ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"मोठीच्या पाठीवरची छोटी दुर्बीण शाबूत आहे का?"

"आहे."

"मग जा. सूर्य कागदावर पाड. ऊन उतरायच्या आत लाव."

"कुणाला दाखवू सर? त्यांना?"

"मग कुणाला? तिथं दुसरं कोण राहतं?"

मी रडत गेले आणि दात-ओठ खात दुर्बीण लावली. कागद सापडेना, म्हणून घुमटाचा फुटलेला तुकडा उचलून पांढऱ्या अंगानं समोर टेकवला. त्याच्यावर सूर्याचं बशीएवढं बिंब पडलं आणि त्यावर एक ठिपका. गोल, काळा, सावकाश चाललेला. खाली रांग लागलीच होती, टँकर आला नव्हता. मी फाटक उघडलं. एकेक जण आला, बघून मान खाली घालून गेला. सगळ्यात शेवटी शेवंताबाई आली, डोक्याला फडकं बांधून.

"ह्यो?"

"हो."

"येवढ्यासाठी?"

"हो. एवढ्यासाठी."

ती खूप वेळ बघत उभी राहिली. "मोहरीयेवढा बी न्हाई," म्हणाली. मग विचारलं, "सर तिकडून बगून राहिले का?"

"सरांच्या डोळ्याला पट्टी आहे. तो डोळा गेला."

ती पदर तोंडाशी धरून निघाली. रांगेच्या तोंडाशी तिची पितळेची घागर होती. ती घागर उचलून शेवंताबाई मागे चालत गेली, रांग संपते तिथे. टँकर आला तेव्हा तिच्यापर्यंत पाणी पोचलं नाही. मला त्याचं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. तेव्हाच मी सगळ्यांसमोर ओरडले, तिच्या हातच्या पाण्याबद्दल.

पोलिसांना सरांनी सांगितलं की घुमटाचं दार निसटून लागलं. मी भांडले. ते म्हणाले, "ठिपका दिसला ना? तिनं बघितला ना?" यापलीकडे त्यांना काही ऐकायचं नव्हतं. मी नांदेडला निघून गेले, गोदावरीच्या गावी, जिथे पाण्यासाठी कुणी कुणाचा कान फाडत नव्हतं. नंतर कधीतरी ऐकलं की गल्लीवाल्यांनी घुमट पळवला आणि त्याची टाकी केली. चोर ते चोरच, असं वाटलं होतं. सर गेल्या थंडीत वारले तेव्हा मी आले होते. त्यांच्या घरूनच परत फिरले, या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

तांब्या अजून कडेवर होता. त्याच्या अंगावर थेंब जमले होते.

"चोरून आणली ना ही?" मी वाटीवर थाप मारली. "सरांची होती."

शेवंताबाई माझ्याकडे वळली. "चोरून? पोरी, सरानंच दिली की. फोडलेला तुकडा आपल्या हातानं बशिवला त्येंनी. फटीला पत्रा मारला, अन् चुलीवर डांबर तापवून वतलं. एका डोळ्यानं. मला म्हणले, डांबराचं काम माझ्याबिगर कुणाला येत न्हाई." ती थांबली. "रोज येऊन बसायचे हितं, तू उभी हाईस तितं. माझ्या हातचा च्या प्यायचे. म्या म्हणायची, सरा, तुमाला राग कसा येत न्हाई? तर म्हणायचे, येतो की. येतो अन् च्या पितो."

तिच्या दारातून आतली भिंत दिसत होती. भिंतीत गिलाव्यात बसवलेला आरशाचा एक तुकडा, खाली कुंकवाचा डबा. सरांची काच. माझी नजर तिथे गेलेली तिला कळली.

"त्यात तोंड जरा मोठं दिसतंय," ती म्हणाली. मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान खाली करून मला टाळू दाखवली. पांढऱ्या केसांत एक गुळगुळीत चट्टा, माझ्या मुठीएवढा. "हितं केस आलेच न्हाईत परत. तुझा हात लई भारी हाय, चांदणीबाई."

मला हसू आलं, आणि हसताना घसा दुखला.

"त्यो ठिपका," ती म्हणाली, "परत कवा यायचाय?"

"येईल. अजून काही वर्षांनी, नोव्हेंबरात. भर दुपारी."

"आसले जिती तर बोलव. सरानं बगितलाच न्हाई त्यो. म्या बगितला, अन् त्येंनी न्हाई."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी तांब्या उचलला. पाणी गार होतं, त्याला डांबराचा किंचित वास होता, सरांच्या हातांना यायचा तो. मी वरून न ओतता तोंड लावून प्याले, तांब्या रिकामा होईपर्यंत. राग गेला नाही. तो छातीत होता तिथेच आहे.

"अजून दे मावशी," मी म्हटलं, आणि तांब्या पुढे केला.